लाउडन काउंटीत घर कुठे घ्यावं? आधी शेजारच्या मोकळ्या जमिनीचं काय ठरलंय ते बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही सध्या हर्न्डनला अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहता. मुलगी चौथीत आहे, मुलगा तीन वर्षांचा. तुमचं ऑफिस रेस्टनला, मिस्टरांचं वॉशिंग्टन डी.सी.त, आणि त्यांना आठवड्यातून तीन दिवस जावंच लागतं. आईबाबा नाशिकहून दरवर्षी चार-पाच महिने येऊन राहतात. बजेट आठ लाख डॉलरच्या आसपास. व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत ॲशबर्न, ब्रॅम्बलटन, ऑल्डी, लीसबर्ग आणि स्टर्लिंग यांपैकी कुठे घ्यावं, शाळा चांगली कुठली, भाव कुठे वाढेल आणि आपली माणसं कुठे आहेत, असं तुम्ही विचारलंय.

मी उत्तर व्हर्जिनियात घरखरेदीचंच काम करते आणि माझी बरीचशी घरं लाउडनमधली असतात. तुम्ही पाच नावं दिलीत, पण त्यांतल्या चार नावांना प्रशासनाच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. तुमच्या यादीत लीसबर्ग तेवढं खरं शहर आहे. त्याची हद्द, नगर परिषद, पोलीस आणि कर हे सगळं स्वतःचं आहे. ॲशबर्न, स्टर्लिंग, ऑल्डी ही टपालाच्या पत्त्यातली नावं आहेत आणि ब्रॅम्बलटन ही विकसकाने आखलेली मोठी वसाहत आहे, जिचा टपाल पत्ता ॲशबर्न असाच लागतो. एकाच ॲशबर्नमध्ये एक घर मेट्रोपासून चालत दहा मिनिटांवर असतं, दुसरं विमानाच्या वाटेखाली आणि तिसऱ्याच्या मागच्या कुंपणापलीकडे डेटा सेंटरची भिंत असते. म्हणून ‘ॲशबर्न चांगलं का’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ‘हा पत्ता चांगला का’ असं विचारलंत तर तासभर बोलता येईल.

याचं मूळ काउंटीच्या वाढीत आहे. १९९० च्या जनगणनेत लाउडनची वस्ती ८६ हजार होती. २०२० मध्ये ती ४ लाख २० हजारांवर गेली. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट. अशा ठिकाणी तुम्ही घर घेता तेव्हा आजूबाजूचा परिसर अजून अर्धवट असतो. जे रान, जी शेतं तुम्हाला घर बघताना आवडतात, त्यांचं काय करायचं हे बहुतेक वेळा कागदावर आधीच ठरलेलं असतं. तो कागद वाचायचा की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. जुन्या, भरून गेलेल्या उपनगरात हा प्रश्न एवढा येत नाही. इथे मात्र मी याला शाळेच्याही आधी ठेवते.

आणि हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. व्हर्जिनियात विकणाऱ्याकडून जे डिस्क्लोजरचं पत्रक मिळतं, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की शेजारच्या जमिनींबद्दल, त्यांच्या झोनिंगबद्दल (कुठली जमीन कशासाठी वापरायची त्या नियमांबद्दल) आणि तिथे काय बांधता येईल याबद्दल मालक काहीही सांगत नाही. ते शोधणं कायद्याने घेणाऱ्याचं काम आहे. लोक त्यावर सही करतात आणि पुढच्या पानावर जातात.

काम अवघड नाही. काउंटीचा ‘वेबलॉजिस’ नावाचा नकाशा आहे, फुकट, कुणालाही उघडता येतो. पत्ता टाका, घर मधोमध आलं की थोडं बाहेर या आणि आजूबाजूच्या एकेका भूखंडावर क्लिक करा. मालक कोण, ते दिसेल. झोनिंगचा थर चालू केलात की संक्षेप दिसतील. ‘पीडी-एच’ म्हणजे आखीव निवासी वसाहत. ‘ओपी’ म्हणजे ऑफिस पार्क, ‘आयपी’ म्हणजे इंडस्ट्रियल पार्क, ‘जीआय’ म्हणजे सर्वसाधारण उद्योग. या शेवटच्या तिघांपैकी काही तुमच्या हद्दीला लागून दिसलं आणि जमीन आज रिकामी असली, तर थांबा. मग ‘लोला’ म्हणजे काउंटीच्या जमीनविषयक अर्जांच्या ऑनलाइन नोंदीत तोच भूखंड शोधा. कुणी रीझोनिंग मागितलंय का, आराखडा दाखल झालाय का, विकसकाने कोणते ‘प्रॉफर्स’ म्हणजे लेखी वचनं दिलीत, हे सगळं तिथे सापडतं. प्रॉफर्स वाचताना मजकूर कंटाळवाणा वाटेल, तरी वाचा. रस्ता किती रुंद होणार, झाडांचा पट्टा किती फुटांचा राखणार, शाळेसाठी जागा सोडलीय का, हे त्यातच असतं.

मागे एका जोडप्याला स्टोन रिजच्या बाजूचं एक घर फार आवडलं होतं. डेकवर उभं राहिलं की मागे नुसती झाडं. विक्री करणाऱ्यांच्या प्रतिनिधीने ‘मागे काही येणार नाही’ असं तोंडी सांगितलं होतं. आम्ही तिथेच डेकवर फोनवर नकाशा उघडला. त्या झाडांच्या मधून एक लांब, अरुंद, सरळ पट्टा जात होता आणि त्याचा मालक कुणी माणूस किंवा कंपनी नव्हती. तो पुढेमागे चार पदरी होणाऱ्या रस्त्यासाठी राखलेला होता. त्यांनी तरीही ते घर घेतलं, कारण किंमत बरी मिळाली आणि रस्त्याचा त्यांना उपयोगच होता. पण घेताना त्यांना माहीत होतं. माझ्या दृष्टीने सगळा फरक तिथे आहे.

डेटा सेंटरबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात, कारण आपल्या लोकांत एक तर घबराट असते नाहीतर पूर्ण दुर्लक्ष. ॲशबर्न आणि आसपास डेटा सेंटरचा जगातला सगळ्यात दाट जमाव आहे. त्यातल्या संगणकांवरचा कर काउंटीला प्रचंड उत्पन्न देतो आणि त्यामुळे घरांवरच्या कराचा दर खाली आलाय. २०१३ च्या सुमारास १०० डॉलरमागे १ डॉलर २० सेंटांच्या वर असलेला दर २०२५ साली साडेऐंशी सेंटांवर आला. आठ लाखांच्या घराला वर्षाचे ६,४४० डॉलर. हा फायदा काउंटीतल्या प्रत्येक घराला मिळतो, डेटा सेंटरपासून लांब असलेल्यालाही. त्रास मात्र जवळच्यांनाच होतो. शीतकरणाच्या पंख्यांचा एकसुरी आवाज, डिझेल जनरेटरच्या चाचण्या, आणि वीज आणणाऱ्या नव्या उच्चदाब वाहिन्या. यांतला तिसरा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण इमारत एका जागी असते पण वाहिनीचे मनोरे मैलोन्‌मैल जातात आणि त्यांचा मार्ग घर घेताना बहुतेकांच्या डोक्यातही नसतो. मार्च २०२५ मध्ये काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी नियम बदलला. आता नवीन डेटा सेंटरला नुसत्या झोनिंगच्या जोरावर परवानगी मिळत नाही, जाहीर सुनावणी होते. पण आधी मंजूर झालेलं बरंच काही अजून उभं राहायचं आहे. म्हणून घर आवडलं की रात्री दहानंतर तिथे जाऊन गाडी बंद करून, काचा खाली करून थोडा वेळ बसा. दिवसा रहदारीत तो आवाज लपतो.

विमानांचंही तसंच. डलेस विमानतळ काउंटीच्या हद्दीवरच आहे आणि काउंटीने आवाजाच्या रेषा नकाशावर आखल्या आहेत. ६५ डेसिबलच्या रेषेआतल्या पट्ट्यात नवी घरं बांधू देत नाहीत. लाउडन गेटवे या मेट्रो स्टेशनभोवती वसाहती दिसत नाहीत त्यामागे हेच मोठं कारण आहे. ६० ते ६५ च्या पट्ट्यात घरं चालतात, पण आवाज अडवणारं बांधकाम आणि लेखी सूचना लागते. तुमचं घर कुठल्या पट्ट्यात आहे हे त्याच वेबलॉजिसवर दिसतं. मला स्वतःला ६० च्या बाहेरचंच घर बरं वाटतं. काही जणांना मात्र महिन्याभरात विमान ऐकू येईनासं होतं, म्हणून यात माझी आवड तुमच्यावर लादत नाही.

आता जाण्यायेण्याचं. तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार सोयीची आहे आणि ती तुमच्या प्रश्नात कुठेच आली नाही. रेस्टन आणि डी.सी. दोन्ही एकाच मेट्रोवर आहेत. सिल्व्हर लाइन १५ नोव्हेंबर २०२२ ला ॲशबर्नपर्यंत पोचली. ॲशबर्नहून गाडीत बसलात की हर्न्डन, रेस्टन टाउन सेंटर, वीली-रेस्टन ईस्ट आणि पुढे सरळ डी.सी. मिस्टरांना तासाभराच्या पुढेमागे लागेल, पण तो तास बसून जातो. तुमचं ऑफिस स्टेशनपासून चालत असेल तर घरात दुसरी गाडी नसली तरी निभावेल. ऑल्डी किंवा साउथ रायडिंगकडून निघालात तर आधी रूट ५० नाहीतर लाउडन काउंटी पार्कवेवरची गर्दी, मग पुढचं. लीसबर्गहून रूट ७ चे सिग्नल, नाहीतर डलेस ग्रीनवे. ग्रीनवे हा खासगी टोलरस्ता आहे आणि गर्दीच्या वेळी एका बाजूचे पाच डॉलरहून जास्त घेतो. रोज ये-जा केली तर महिन्याला दोनशे डॉलर सहज जातात, म्हणजे कर्जाच्या हप्त्यातच धरायला हवेत. ओपन हाउस शनिवारी-रविवारी असतात आणि तेव्हा हे सगळे रस्ते छान मोकळे असतात. तुम्ही मंगळवारी सकाळी पावणेआठला त्या घरापासून ऑफिसपर्यंत गाडी चालवून बघा, आणि मुलाचं डे-केअर वाटेत पडतं का तेही.

शाळेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. संकेतस्थळांवरचे दहापैकी आठ, दहापैकी नऊ हे आकडे बऱ्याच अंशी त्या भागातल्या पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण दाखवतात. शिकवणं कसं आहे ते त्यातून फार कळत नाही. शिवाय लाउडनमध्ये शाळांच्या हद्दी पक्क्या नसतात. दक्षिणेकडच्या हायस्कुलांचंच बघा. जॉन चँप २०१२ मध्ये उघडलं, रॉक रिज २०१४, इंडिपेंडन्स २०१९, लाइटरिज २०२०. प्रत्येक नव्या शाळेबरोबर आजूबाजूच्या शाळांची हद्द नव्याने आखली गेली. लोकांनी ज्या शाळेसाठी जास्त पैसे मोजून घर घेतलं होतं, त्यांपैकी काहींची मुलं दुसऱ्याच शाळेत गेली. तुमची मुलगी दोन वर्षांत मिडल स्कूलला जाईल, तिच्यापुरती आजची हद्द बऱ्यापैकी खात्रीची. मुलगा हायस्कूलला पोचेपर्यंत दहा-अकरा वर्षं आहेत. त्याच्यासाठी आज हायस्कूल निवडता येईल असं वाटत असेल, तर ते या काउंटीत शक्य नाही. ज्या भागात घरं भरून गेलीत आणि मोकळी जमीन संपलीय, तिथे हद्दी कमी हलतात, एवढं धरून चाला. आणि पत्ता स्कूल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. घराच्या जाहिरातीत छापलेल्या शाळेवर विसंबू नका.

‘आपली माणसं कुठे आहेत’ याचं उत्तर मी देणार नाही, आणि कुठल्याही एजंटने देऊ नये. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश यांवरून कुणाला एखाद्या भागाकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदा आहे. आपण विचारतो ते प्रेमाने, सणासुदीला सोबत हवी म्हणून, हे मी जाणते. पण हाच कायदा आपल्यालाही वाचवतो. ‘तुम्ही भारतीय आहात, तुम्हाला अमुक भाग बरा पडेल’ असं म्हणून कुणी आपल्याला चार गल्ल्यांत कोंडू नये, हेही त्यातच आलं. तुम्ही स्वतः हवं ते शोधू शकता. संध्याकाळी बागेत जाऊन बसा, वाणसामानाचं दुकान किती लांब आहे ते बघा, गणपतीत चँटिलीच्या राजधानी मंदिरात किंवा मराठी कला मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडून जे कळेल ते मी सांगण्यापेक्षा खरंही असेल.

आईबाबांचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलात. माझ्या मते घराचा नकाशा त्यावरच ठरायला हवा. आठ लाखांच्या आसपास इथे जी नवी टाउनहाउस, म्हणजे ओळीत एकमेकांना जोडलेली घरं मिळतात, ती तीन नाहीतर चार मजली असतात. खाली गॅरेज, मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठक, झोपायच्या खोल्या त्याच्याही वर. मधल्या मजल्यावर नुसतं पावडर रूम, म्हणजे आंघोळीची सोय नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने दिवसातून किती वेळा चढायचं? ‘टू-ओव्हर-टू’ म्हणतात त्या प्रकारात, म्हणजे दोन मजली घरावर दुसरं दोन मजली घर असतं तिथे, वरचं घर घेतलंत तर दारात पोचायलाच जिना. म्हणून दाखवणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारा: प्रवेशाच्या मजल्यावर बेडरूम आणि पूर्ण बाथरूम आहे का? काही बिल्डर तळमजल्याच्या खोलीला तसा पर्याय देतात. जेवायला एक जिना चढावा लागेलच, पण रात्री-अपरात्री तरी नाही.

दुसरं, आईबाबा इथे गाडी चालवणार नाहीत. तुम्ही दोघं कामावर आणि मुलं शाळेत असताना घराबाहेर चालत जाता येईल असं काय आहे? ग्रंथालय, बाग, बसायला बाक, एखादं दुकान. ब्रॅम्बलटनला हे बरं आहे, वसाहतीच्या मध्यात ग्रंथालयसुद्धा आहे. मोठं अंगण आणि चार बेडरूमचं घर घेऊन, पण फुटपाथ संपतो अशा ठिकाणी आईबाबांना ठेवलं तर ते दुसऱ्या महिन्यात परतीचं तिकीट विचारू लागतात. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

पैशांबद्दल थोडक्यात. एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाचं शुल्क नुसतं बघू नका, त्यात काय येतं ते बघा. काही ठिकाणी इंटरनेट त्यातच असतं. करार झाल्यावर वसाहतीचं रीसेल सर्टिफिकेट मिळतं. ते हातात आल्यापासून साधारणपणे तीन दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क व्हर्जिनियाचा कायदा देतो. त्या तीन दिवसांत राखीव निधी किती आहे, विशेष वर्गणी येऊ घातलीय का आणि पाहुण्यांच्या गाड्यांचे नियम काय, एवढं तरी वाचा. लीसबर्गच्या हद्दीत घेतलंत तर काउंटीच्या करावर शहराचा कर वेगळा. नवं बांधकाम घेतलंत तर आणखी एक सांगते. पहिल्या वर्षी कराची आकारणी कधीकधी नुसत्या जमिनीवर किंवा अर्धवट घरावर झालेली असते, बँक त्याच हिशोबाने हप्ता बांधते आणि पूर्ण घराचा कर लागला की एस्क्रोत, म्हणजे बँक करासाठी हप्त्यातून पैसे बाजूला ठेवते त्या खात्यात, खड्डा पडून हप्ता एकदम वाढतो. जुनं घर असेल तर १९८० च्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला घातलेले पुढे तडकणारे करडे पॉलिब्युटिलीनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) पाइप आहेत का ते तपासणाऱ्याला विचारा. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी कुठल्याही घरात करा.

भाव कुठे वाढेल हे मी सांगू शकत नाही. त्याऐवजी तुम्ही किती वर्षं राहणार ते मला सांगा. घर विकताना कमिशन आणि इतर खर्च मिळून किमतीच्या सहा-सात टक्क्यांपर्यंत जातात. व्हिसाचं अनिश्चित असेल आणि दोन-तीन वर्षांत हलायची शक्यता असेल, तर तुम्ही भाड्याच्याच घरात राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. हर्न्डनहून मेट्रोही आहेच.

पाच-सात वर्षं राहायचं असं धरून, तुमच्या जागी मी काय करेन ते सांगते. पहिल्यांदा ॲशबर्न स्टेशनपासून चालत जाता येईल असं टाउनहाउस शोधेन, प्रवेशाच्या मजल्यावर बेडरूम आणि पूर्ण बाथरूम असलेलं. अशी घरं कमी असतात, त्यामुळे थांबायची तयारी हवी. त्याच्याच बरोबरीने स्टर्लिंगमधली जुनी सिंगल फॅमिली घरं बघेन. तुमच्या पत्रात स्टर्लिंग शेवटी आलंय आणि बहुतेक जण ते शाळांचे आकडे बघून वगळतात. पण स्टर्लिंग पार्क साठच्या दशकापासून वसलेलं आहे. तिथे एकमजली रॅम्बलर घरं मिळतात, मूळ वसाहतीत बहुतेक ठिकाणी एचओए नाही, झाडं मोठी आहेत, तुमचं रेस्टनचं ऑफिस जवळ आहे आणि आजूबाजूला बांधायला फारशी जागा उरलेली नाही. एका मजल्यावर सगळं असलेलं घर आईबाबांना किती सुखाचं जाईल याचा विचार करा. स्वयंपाकघर जुनं निघेल, त्यासाठी बजेटमधून रक्कम बाजूला ठेवा.

ब्रॅम्बलटन तिसरं, फुटपाथ आणि ग्रंथालयासाठी, पण मागच्या जमिनीचा नकाशा बघूनच. ऑल्डीकडचं नवं घर तुमच्यासाठी मी मागे ठेवेन, कारण दोघांचीही ऑफिसं त्या दिशेला नाहीत आणि तिथलं बरंच काही अजून बांधायचं आहे. लीसबर्गचा जुना भाग मला फार आवडतो, पण आठवड्यातून तीनदा डी.सी. गाठणाऱ्याला तो लांब पडतो. मिस्टरांचे ऑफिसचे दिवस तीनवरून एकावर आले, तर हा सगळा क्रम बदलेल आणि लीसबर्ग वर येईल. म्हणून त्यांच्या कंपनीचं पुढच्या वर्षीचं धोरण काय आहे, ते घरं बघायला निघण्याआधी विचारून घ्या.

अजून एक, कारण तुम्ही एजंट ठरवल्याचं लिहिलं नाहीये. ऑगस्ट २०२४ पासून एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधी लेखी करार करावा लागतो आणि त्यात त्याचं मानधन लिहिलेलं असतं. तो करार एका घरापुरता किंवा काही आठवड्यांपुरता करता येतो, सहा महिन्यांचाच हवा असं नाही. पहिल्या घराला तेवढ्यापुरताच करा आणि तो माणूस तुमच्यासमोर वेबलॉजिस उघडतो का ते बघा.